फादर म्हणतील तसं

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या केळीच्या वाड्या आणि बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, शाबूत होती, त्या काळात गावातलं कुठलंही प्रकरण शेवटी फादरांच्या बंगल्यावर जाऊन मिटायचं. बांधाचा वाद असो, मोडायला आलेली सोयरीक असो, दारू पिऊन बायकोवर हात टाकणारा नवरा असो. दोन्हीकडची माणसं बाहेरच्या बाकावर बसायची, फादर आतून यायचे, सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि निवाडा द्यायचे. त्यावर अपील नव्हतं. घरी आल्यावर आजी विचारायची, काय ठरलं? वडील म्हणायचे, "फादर म्हणतील तसं." विषय तिथेच संपायचा.

मुलाला मुंबईच्या शाळेत घालायचं तर फादरांची चिठ्ठी लागायची, बोटीवर नोकरी धरायची तर फादरांचा दाखला. फादर सायकलवरून आळीत शिरले की ओटीवरची माणसं उठून उभी राहायची, बाया पदर सावरायच्या आणि आम्ही पोरं आशीर्वादासाठी धावत सुटायचो. मे महिन्यात रोज संध्याकाळी क्रूसासमोर जपमाळ व्हायची. ज्या दिवशी फादर येणार असतील त्या दिवशी क्रूसाला चुना लागलेला असायचा आणि अंगण दोनदा झाडलेलं असायचं. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली आणि पुढच्या वर्षांत मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. तोवर वेदीशी उभ्या असलेल्या फादरांची आम्ही पाठच पाहत आलो होतो. आता ते आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. देव आपल्या भाषेत बोलायला लागला म्हणून आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तो ज्यांच्या तोंडून बोलत होता त्यांच्याविषयीचा तिचा आदर आणखी वाढला.

ते दिवस मला आजही प्रिय आहेत. त्या आदराला कारणही होतं. आमच्या भागातल्या शाळा, दवाखाने, पतपेढ्या उभ्या करण्यात धर्मगुरूंनी आयुष्यं घातली. रात्री-अपरात्री मरणाऱ्याच्या उशाशी बसायला ते पावसातून चिखल तुडवत आले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या जमिनींवर बिल्डरांची आणि गुंडांची नजर पडली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले. भीतीने बोलायचं नाही अशा काळात ज्यांनी आम्हाला बोलायला शिकवलं त्यांत पांढरा झगा घातलेली माणसं पुढे होती. म्हणून हे लिहिताना माझ्या मनात चर्चविषयी वैर नाही. माझं लग्न, माझ्या मुलांचे बाप्तिस्मे, माझ्या आईवडिलांच्या कबरी, सगळं त्याच आवारात आहे.

पण बिल्डरला जाब विचारायला शिकलेल्या आम्हा लोकांनी त्याच आवाराच्या आत एक प्रश्न कधी विचारला नाही. झग्यातल्या माणसाकडे एवढी सत्ता आहे, तर ती वाकडी वापरली गेली तर जायचं कुणाकडे?

त्या काळचं धर्मग्रामाचं, म्हणजे पॅरिशचं, कार्यालय मला खडान्खडा आठवतं. सागवानी दार, दाराला आतून जाड पडदा, टेबलावर बाप्तिस्म्याची भलीमोठी नोंदवही, टाकाची दौत आणि पितळी घंटी. दार लोटलं की बाहेर काही ऐकू येत नसे. मुली डबा घेऊन एकट्या जायच्या. वेदीवर सेवा करणारी मुलं सणाच्या आदल्या रात्री बंगल्यावरच झोपायची. आई-बाप शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचे, आमचा पोरगा आज फादरांकडे आहे. गायनवृंदातल्या मुलीला सरावासाठी वेगळं बोलावलं तर तो तिचा मान असायचा. यात वावगं काही असू शकतं हे कुणाच्या मनातसुद्धा येत नसे, आणि बहुतेक वेळा तसं काही नसायचंही. पण एखाद्या वेळी असलं तर ते कळण्याचा मार्गच आम्ही ठेवला नव्हता.

बदली हा त्या काळातला ठरलेला सोहळा होता. काही वर्षांनी फादरांची बदली व्हायची, तीही बहुधा शाळांच्या सुट्टीत. हार, शाल, भाषणं, मुलांचं निरोपगीत, बायकांचं रडणं. एकदा मात्र बदली भर उपवासकाळात, झटक्यात झाली. गाव कुठलं, फादर कोण, ते सांगायचं कारण नाही. तब्येतीचं कारण पुढे करण्यात आलं. तरी हार झाला, शाल झाली. त्याच आठवड्यापासून गायनवृंदातली एक मुलगी यायची बंद झाली. तिची आई पहाटेच्या मिस्साला दोन मैल चालून शेजारच्या गावी जाऊ लागली. विहिरीवर बायका कुजबुजायच्या आणि कुणी आलं की गप्प व्हायच्या. पुढे त्या मुलीचं लग्न लांबच्या गावी लावून दिलं गेलं. त्या बदलीआधी नेमकं काय घडलं होतं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझं दुखणं तेच आहे. विचारायला कुणी गेलंच नाही. ना बिशपांच्या कार्यालयातून, ना गावातून, ना त्या मुलीच्या नात्यातून. आणि ते फादर पुढच्या गावी गेले तेव्हा तिथल्या लोकांनी वेशीवर बँड लावून त्यांचं स्वागत केलं.

२००२ साली बॉस्टनची बातमी आली तेव्हा मला ही बदली आठवली. 'बॉस्टन ग्लोब' या वर्तमानपत्राने दाखवून दिलं की जॉन गेघन नावाच्या धर्मगुरूविरुद्ध १३० पेक्षा जास्त जणांच्या तक्रारी होत्या, वरिष्ठांना वर्षानुवर्षं त्याची कल्पना होती, आणि उपाय म्हणून त्याला एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवलं जात होतं. त्या वर्षाच्या डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी राजीनामा दिला. आमच्याकडे मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर लोक म्हणाले, अमेरिकेचं काय सांगता, तिथली संस्कृतीच वेगळी. मग २००९ मध्ये आयर्लंडचे चौकशी अहवाल आले. आयर्लंड तर आमच्यापेक्षाही कडवा कॅथलिक देश. २०१८ मध्ये जर्मनीतल्या बिशपांनी स्वतः करवून घेतलेल्या अभ्यासात १,६७० आरोपी धर्मगुरू आणि ३,६७७ पीडित मुलं निघाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या सहा धर्मप्रांतांतून ३०० हून अधिक धर्मगुरूंची नावं पुढे आली. २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्वतंत्र आयोगाने १९५० पासूनच्या सत्तर वर्षांत धर्मगुरू आणि मठवासींच्या हातून अत्याचार झालेल्या मुलांचा अंदाज २,१६,००० असा मांडला. देश बदलले, भाषा बदलल्या. कागद मात्र सगळीकडे सारखेच निघाले: आलेली तक्रार, बंद केलेली फाईल, आणि बदलीचा हुकूम.

परदेशचं म्हणून बाजूला सारायला जागा उरली नाही ती केरळमुळे. कन्नूर जिल्ह्यातल्या एका धर्मगुरूला २०१७ मध्ये अटक झाली. अल्पवयीन मुलीला दिवस गेले होते, मूल जन्माला आलं होतं, आणि सुरुवातीला त्या मुलीच्या बापाने हे आपणच केलं असं सांगितलं होतं. एक बाप स्वतःच्या लेकीच्या बाबतीत असा कलंक अंगावर घ्यायला तयार होतो, पण फादरांचं नाव घेत नाही! या एका गोष्टीने मी कितीतरी रात्री जागी राहिले. २०१९ मध्ये त्या धर्मगुरूला २० वर्षांची शिक्षा झाली, पुढे उच्च न्यायालयाने ती १० वर्षांवर आणली, पोपनी त्याला धर्मगुरुपदावरून काढून टाकलं. मधल्या काळात त्या मुलीशी लग्न करू द्यावं असाही अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेटाळला गेला. लग्न लावून प्रकरण मिटवायची आमच्या गावची जुनी रीत तिथवर पोहोचली होती.

आणि कोचीचं आंदोलन. सप्टेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाजवळच्या वंची चौकात पाच सिस्टर फलक घेऊन बसल्या. त्यांच्या संघातल्या एका सिस्टरने जालंधरचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्यावर बलात्काराचा आरोप केला होता. आधी तिने चर्चमधल्या वरिष्ठांकडे दाद मागितली होती, व्हॅटिकनच्या राजदूतालाही पत्रं लिहिली होती. तिथून काही हाती लागलं नाही तेव्हा जूनमध्ये ती पोलिसांत गेली. अटक होईना म्हणून तिच्या मैत्रिणी रस्त्यावर आल्या. झग्यातल्या, डोक्यावर वस्त्र घेतलेल्या बायका बिशपाविरुद्ध भर चौकात बसल्या आहेत, हे चित्र आमच्या आजीच्या पिढीला स्वप्नातही पटलं नसतं. दोन आठवडे त्या बसल्या. २१ सप्टेंबरला बिशपांना अटक झाली. भारतात अशा आरोपाखाली अटक झालेले ते पहिले बिशप.

१४ जानेवारी २०२२ रोजी कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्यावर उच्च न्यायालयात अपील झालं. जून २०२३ मध्ये त्यांनी जालंधरच्या बिशपपदाचा राजीनामा दिला. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम, ते मी माझ्याकडे घेत नाही. मी बोलते आहे ते चर्च त्या काळात कसं वागलं त्याविषयी. तक्रारदार सिस्टर ओळखू येईल असं छायाचित्र तिच्याच संघाच्या पत्रकासोबत बाहेर आलं. त्याबद्दल पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. आंदोलनाला पाठिंबा देणाऱ्या, दुसऱ्या संघातल्या सिस्टर ल्युसी कळप्पुरा यांना २०१९ मध्ये त्यांच्या संघाने काढून टाकलं. कारणं वेगळी दाखवली गेली. बिशप निर्दोष असतील तरी ज्या बाईने तक्रार केली ती त्याच चर्चची लेक आहे, निकाल लागेपर्यंत तिच्या निवाऱ्याची, जेवणाची, मनःशांतीची, वकिलाची जबाबदारी चर्चची आहे, हे कुणाला सुचलं नाही. आरोपीच्या पाठीशी संस्था उभी राहिली आणि तक्रारदारामागे पाच मैत्रिणी.

मुंबईही यातून सुटली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या बिशपांच्या प्रमुखांना याच विषयावर रोमला बोलावलं. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस त्या बैठकीच्या चार संयोजकांपैकी एक होते. नेमक्या त्याच महिन्यात बीबीसीने मुंबईतल्या एका कुटुंबाची कैफियत जगापुढे आणली. २०१५ मध्ये त्यांच्या मुलावर चर्चमध्येच धर्मगुरूने अत्याचार केला होता आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चर्चकडून मिळायला हवा तो आधार त्यांना मिळाला नव्हता. आपण मदतीचा प्रयत्न केला नाही हा आरोप कार्डिनलांनी नाकारला. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली. हे आमच्या घरापासून लोकलच्या अंतरावर घडलं. आता 'तिकडचं' म्हणायला 'तिकडे' राहिलंच नव्हतं.

आज आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयाचं दार काचेचं आहे. सागवानी दार भंगारात गेलं. फलकावर मिस्साच्या वेळांशेजारी बालसंरक्षण समितीची यादी आणि फोन नंबर लावलेला आहे, चाइल्डलाइनचा १०९८ मोठ्या अक्षरांत आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय वर्ग भरत नाही. सहलीला पालक सोबत येतात. मुलांना बंगल्यावर झोपवणं बंद झालं. शिक्षकांना दर वर्षी प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि शेवटी सही करावी लागते.

यामागे कायदा आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ मध्ये लागू झाला. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न सांगणं हा त्यात गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगातल्या प्रत्येक धर्मप्रांताला तक्रार घेण्याची सोय करायला लावली, बिशपांवरच्या तक्रारींचीही वाट आखून दिली, आणि प्रौढ व्यक्तीवर अधिकाराच्या जोरावर केलेली बळजबरीही त्यात घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात अशा प्रकरणांवरचं 'पोपचं गुपित' त्यांनी उठवलं. म्हणजे फाईल पोलिसांना द्यायला धर्माची आडकाठी उरली नाही. २०२३ मध्ये प्रापंचिकांच्या संघटनांचे पुढारीही या नियमांत आले.

आमच्याकडे आलेले एक तरुण फादर एकदा बोलता बोलता म्हणाले, "बाई, हल्ली मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा तरी आधी चार दिशांना बघतो." त्यांचा आवाज दुखावलेला होता. एखादी बाई एकटी काही सांगायला आली की ते तिला घेऊन व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असे उभे राहतात. माझ्या लहानपणीचे फादर कडेवर उचलून घ्यायचे, कान पिळायचे, बोरं द्यायचे. तो मोकळेपणा गेला आणि मला त्याचं वाईट वाटतं, मनापासून वाटतं. गेल्याचं दुःख खोटं ठरवायचं कारण नाही. पण तो मोकळेपणा कोण्या पोरीला फार महाग पडला असेल, तर तो परत मागायचा हक्क मला नाही. त्या तरुण फादरांना मी एवढंच म्हणाले की व्हरांड्यात उभं राहण्याने तुमचीही अब्रू राखली जाते, आणि तुमच्या आधीच्यांनी जे झाकलं त्याची ही झळ आहे. त्यांनी मान हलवली. ते चांगले धर्मगुरू आहेत, आणि त्यांच्यासारख्या चांगल्यांना या सगळ्याचा जाच होतो हे मला सलतं.

तरीही काचेच्या दाराने समाधान मानून घ्यावं असं मला वाटत नाही. दार बदललं, पण तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाने पहिलं पाऊल कुठे टाकायचं, याविषयी अजूनही आमच्या मनात जुनंच घर आहे. कुणी काही सांगितलं की पहिला विचार येतो, फादरांच्या कानावर घालू, मग ते बिशपांना कळवतील. माझं म्हणणं साधं आहे. मुलाचा प्रश्न असेल तर पहिला फोन पोलिसांना किंवा १०९८ ला, दुसरा बिशपांच्या कार्यालयाला. उलटं नाही. चर्चची चौकशी पोलिसांच्या नंतर चालू द्या, तिच्यासाठी पोलिसांना थांबवू नका. पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट बाहेर काढता येत नाही हे आम्ही लहानपणापासून शिकलो आहोत. ऑस्ट्रेलियाच्या चौकशी आयोगाने २०१७ मध्ये हे बंधनही उठवा म्हणून शिफारस केली तेव्हा तिथलं चर्च अडून बसलं. तो वाद मोठा आहे, आणि मी धर्मपंडित नाही. पण पापनिवेदनाच्या पिंजऱ्याबाहेर, व्हरांड्यात, कार्यालयात, पत्रातून जे कळतं त्याला त्या बंधनाची ढाल लावू नये, एवढं समजायला पंडित असण्याची गरज नाही.

प्रौढ बायकांच्या बाबतीत आम्ही अजून फार मागे आहोत. बाई शहाणीसुरती असली की लोक लगेच विचारतात, मग तिने नाही का म्हटलं नाही? सिस्टरने आज्ञाधारकतेचं व्रत घेतलेलं असतं. तिची नेमणूक, तिचं शिक्षण, तिच्या म्हातारपणीची खोली, सगळं वरच्यांच्या सहीवर असतं. धर्मशिक्षिकेला पगार धर्मग्राम देतो. नवरा वारल्यावर समुपदेशनासाठी आलेली बाई आपलं सगळं मन उघडून बसलेली असते. अशा ठिकाणी होकार आणि नकार यांचा हिशोब बाजारातल्यासारखा करता येत नाही. शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या आपल्या संस्थांना २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू आहे. १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. ती समिती कागदावर नेमून तिच्यात मॅनेजर फादरांच्या मर्जीतली माणसं भरली तर ती नसल्यातच जमा.

माझे काही नातलग दुसऱ्या पंथांच्या मंडळ्यांत जातात, आणि आमच्याकडे बिशप नाहीत म्हणून हे प्रश्न नाहीत असं त्यांना वाटतं. मला उलटी भीती वाटते. पाळकानेच उभारलेली मंडळी, ट्रस्टवर त्याची बायको आणि मेहुणा, गायनाला मुलगा. तिथे तक्रार घेऊन जायचं ते कुणाकडे? चेन्नईत जन्मलेले आणि जगभर प्रवचनं दिलेले रवी झकरायस यांच्यावर एका बाईने २०१७ मध्ये आरोप केले तेव्हा त्यांची संस्था त्यांच्या मागे उभी राहिली. २०२० मध्ये ते वारले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या अहवालाने अनेक बायकांशी केलेलं गैरवर्तन उघड केलं. तोवर दफनविधीची भाषणं होऊन गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला. त्यांनी स्वतः कुणावर अत्याचार केला नव्हता, पण जॉन स्माइथ नावाच्या माणसाने मुलांवर केलेल्या अत्याचारांची माहिती मिळूनही पुरेसा पाठपुरावा झाला नाही, असा ठपका होता. कळल्यावर काय केलं, हा प्रश्न आता वरपर्यंत विचारला जातो. आपल्या मराठी मंडळ्यांनीही तो विचारायला शिकावं.

आम्हा मराठी ख्रिस्ती बायकांना तर हे शिकायला कुठे लांब जायला नको. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या सिस्टर आणि धर्माधिकारी श्रद्धेच्या बाबतीत आपलं ऐकावं म्हणून त्यांच्यावर दडपण आणू लागले, तेव्हा त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहून ठणकावलं की माझ्या विवेकाचा निर्णय मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. नवी दीक्षा, परका देश, उपजीविका त्यांच्याच आधाराची, आणि तरी एवढा ताठ कणा. आमच्या शाळेत रमाबाईंचा धडा होता, पण त्यात हे नव्हतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे शिकवलं गेलं असतं तर गायनवृंदातून गेलेल्या त्या मुलीच्या आईने कदाचित दोन मैल चालण्याऐवजी बिशपांच्या दारात ठाण मांडलं असतं.

एक गोष्ट फार जपून बोलावी लागते, ती क्षमेची. क्षमा हा आमच्या धर्माचा गाभा, आणि म्हणूनच तिचा गैरवापर फार सोपा. तक्रार करणाऱ्याला लगेच सांगितलं जातं, क्षमा कर, प्रार्थना कर, चर्चची बदनामी होईल असं वागू नको. रविवारच्या प्रवचनात पहिला दगड कुणी मारायचा ती गोष्ट सांगितली जाते. मला त्या वेळी उठून म्हणावंसं वाटतं, त्या गोष्टीत येशू ज्या बाईपाशी उभा राहिला ती जमावाच्या तावडीत सापडलेली बाई होती; तो हाती अधिकार असलेल्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला नव्हता. क्षमा करायची की नाही आणि केव्हा, हे ज्याच्यावर बेतलं तोच ठरवील. त्याच्याकडे ती मागायला आपण कोण?

आरोप झालेल्या धर्मगुरूलाही न्याय हवाच. चौकशी होईपर्यंत त्याला कामापासून दूर ठेवावं, त्याच्या राहण्याखाण्याची सोय करावी, त्याला दोषी म्हणू नये. आणि तो निर्दोष ठरला तर ज्या वेदीवरून त्याला दूर ठेवल्याचं सांगितलं त्याच वेदीवरून त्याचं नाव स्वच्छ झाल्याचं जाहीर करावं. पण यासाठी आधी वेदीवरून सांगावं लागेल. तब्येतीचं कारण देऊन कुणालाही हलवू नये. लोकांना कारण कळलं तर धर्मग्राम फुटेल, अशी भीती वरचे लोक बोलून दाखवतात. आमचा धर्मग्राम जमिनींच्या लढ्यात गोळीबाराच्या भीतीपुढे फुटला नाही, खरं ऐकून कसा फुटेल?

पैशाचंही बोललं पाहिजे. ज्या मुलाचं बालपण मोडलं त्याला वर्षानुवर्षं समुपदेशकाकडे न्यावं लागतं, आणि मुंबईत चांगल्या समुपदेशकाची फी साध्या कुटुंबाला झेपणारी नाही. सणाच्या रोषणाईला आम्ही घरटी वर्गणी काढतो. तशी एक कायमची रक्कम यासाठी बाजूला काढावी, आणि ती देताना गप्प राहण्याच्या कागदावर कुणाची सही घेऊ नये.

मागच्या वर्षी धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणात कॉलेजात शिकणारी एक मुलगी उठली आणि फलकावरच्या यादीकडे बोट दाखवून म्हणाली, "यातले सगळे फादरांनीच नेमलेले आहेत ना? मग तक्रार फादरांचीच असेल तर?" सभागृहात चुळबुळ झाली. दोन-चार वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. माझ्या वयाच्या बायकांना तिच्या जागी उभं राहून हा प्रश्न विचारता आला नसता, म्हणून मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. फादर गोंधळले, मग म्हणाले, बरोबर आहे तुमचं. पुढच्या धर्मग्राम परिषदेत त्यावर दोन तास खडाजंगी झाली. बाहेरचं माणूस आपल्या घरात कशाला, हा मुख्य आक्षेप होता. शेवटी समितीत धर्मग्रामाबाहेरच्या एका वकील बाईंना आणि एका निवृत्त शिक्षिकेला घ्यायचं ठरलं. वकील बाई ख्रिस्ती नाहीत. त्यांची नावं आता फलकावर आहेत. यादीतला फोन मात्र अजून कार्यालयातच, फादरांच्या टेबलावरच वाजतो. तो तिथून हलवून वकील बाईंकडे द्यावा, आणि वर्षाला किती तक्रारी आल्या, त्यांचं काय झालं, हे नावं न घेता सणाआधीच्या रविवारी वेदीवरून वाचून दाखवावं, असा अर्ज आम्ही बिशपांच्या कार्यालयात दिला आहे. अर्जावर पहिली सही त्या मुलीची आहे.